विश्लेषण : ताऱ्याच्या स्फोटाची बातमी दुर्बिणींना कशी कळते? पवईचा त्यात वाटा काय?

मुंबईच्या उपनगरांत दिव्यांच्या झगमगाटात रात्री मोजकेच तारे दिसतात. पावसाळ्यात तेही नाहीत. तरीही पवईच्या आयआयटीतील खगोलशास्त्रज्ञ अंतराळातील स्फोटांचा माग काढतात. त्यांची दुर्बीण आहे लडाखमधील हानले येथे, सुमारे ४,५०० मीटर उंचीवर. पण एकटी दुर्बीण या कामाला पुरत नाही. जगभरच्या दुर्बिणींना एकत्र बांधणारे सॉफ्टवेअर लागते.

घाई कशासाठी?

बहुतेक तारे माणसाच्या आयुष्यभरात बदललेले जाणवत नाहीत. काही घटना मात्र झटपट मावळतात. १७ ऑगस्ट २०१७ रोजी भारतीय वेळेनुसार सायंकाळी ६.११ वाजता दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून निघालेल्या गुरुत्वीय लहरी पृथ्वीवर नोंदवल्या गेल्या. पावणेदोन सेकंदांत गॅमा किरणही आले. टकरीची नेमकी जागा चिलीतील दुर्बिणीने सुमारे ११ तासांनी शोधली. १३ कोटी प्रकाशवर्षांवरील त्या दीर्घिकेतली निळसर चमक काही दिवसांतच लालसर होऊन विझू लागली. पुणे जिल्ह्यातील खोडदच्या जीएमआरटीसह सुमारे ७० वेधशाळांनी त्या घटनेचा वेध घेतला. सोन्यासारखी जड मूलद्रव्ये अशा टकरींत तयार होतात, याचा भक्कम पुरावा त्यातून मिळाला. सुरुवातीचे तास हुकले, तर ती माहिती कायमची जाते.

दुर्बिणी वेगवेगळ्या देशांत का?

कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेत उजाडते, तेव्हा लडाखमध्ये रात्र सुरू होत असते. तिथे सूर्य उगवला तरी इथली दुर्बीण तोच धागा पुढे नेऊ शकते. याच कल्पनेतून कॅलटेकच्या मानसी कासलीवाल यांच्या नेतृत्वाखाली ‘ग्रोथ’ हे आंतरराष्ट्रीय जाळे उभे राहिले. त्यातील भारतीय दुवा म्हणजे ‘ग्रोथ-इंडिया’ दुर्बीण. भारतीय खगोलभौतिकी संस्था आणि आयआयटी मुंबई यांची ही ७० सेंटिमीटर आरशाची दुर्बीण २०१८ मध्ये सुरू झाली. जी. सी. अनुपमा आणि वरुण भालेराव यांनी या प्रकल्पाचे नेतृत्व केले. दुर्बीण पूर्णपणे यंत्रचालित आहे. आरसा तुलनेने लहान, पण वेळ साधणे हे तिचे बळ.

सॉफ्टवेअर नेमके काय करते?

पालोमारची ‘झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी’ आकाशाचे मोठे पट्टे पुन्हा पुन्हा टिपते. नव्या छायाचित्रातून जुने वजा केले की जे बदलले तेवढेच उरते. प्रत्येक बदलाची सूचना आपोआप निघते. त्यातील कॅमेऱ्याचे दोष, लघुग्रह आणि नेहमीचे लुकलुकणारे तारे संगणक वेगळे काढतो. उरलेल्या प्रत्येक वस्तूचे एक सामायिक पान तयार होते. ‘ग्रोथ मार्शल’ ही अशीच व्यवस्था होती. तेजस्विता किती, वर्णपट कोणी घेतला, पुढचे निरीक्षण कोण करणार, हे सारे त्या पानावर सगळ्यांना दिसते. त्यामुळे दोन दुर्बिणी एकाच कामात अडकत नाहीत आणि पाहण्याजोगी गोष्ट सुटतही नाही.

गुरुत्वीय लहरींचे काम अधिक अवघड. तिथे नेमका पत्ता नसतो. बोरिवली ते मुलुंडदरम्यान कुठेतरी आग लागली आहे, एवढाच निरोप अग्निशमन दलाला मिळावा, तशी स्थिती. सॉफ्टवेअर त्या भागाचे तुकडे करते, शक्यता जास्त असलेले तुकडे आधी घेते आणि कुठे अंधार आहे ते पाहून दुर्बिणींना वाटून देते.

हे प्रत्येक वेळी जमते का?

नाही. २५ एप्रिल २०१९ रोजी अशीच टक्कर नोंदवली गेली, पण सुरुवातीचा शोधप्रदेश सुमारे १० हजार चौरस अंश, म्हणजे जवळपास पाव आकाश होता. झ्विकीच्या छायाचित्रांतून ३ लाख ३८ हजारांहून अधिक संशयित निघाले. चाळणी लावून १५ उरले. त्यातला एकही खरा ठरला नाही.

यशाचे उदाहरण २०२२ मधले. ११ फेब्रुवारीला झ्विकीला ‘एटी२०२२सीएमसी’ ही झपाट्याने बदलणारी चमक दिसली. ग्रोथ-इंडिया आणि जीएमआरटीसह अनेक दुर्बिणी तिकडे वळल्या. सुमारे ८५० कोटी प्रकाशवर्षांवर एका महाकाय कृष्णविवराने तारा फाडला होता आणि त्यातून निघालेला झोत जवळपास थेट पृथ्वीच्या दिशेने होता.

पुढे काय?

चिलीतील व्हेरा रुबिन वेधशाळेने जून २०२५ मध्ये पहिली छायाचित्रे प्रसिद्ध केली. तिच्याकडून एका रात्रीत १ कोटीपर्यंत सूचना निघतील, असा आराखडा आहे. इतक्या सूचना कोणी माणूस वाचू शकणार नाही.

दुसरीकडे हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. खर्च सुमारे २,६०० कोटी रुपये. अमेरिका आणि युरोपपासून दूर असलेल्या या यंत्रामुळे टकरीची दिशा अधिक नेमकी कळेल आणि शोधायचे आकाश लहान होईल.

हानलेच्या दुर्बिणीला मात्र रात्र एकच आणि आरसाही तेवढाच. त्यामुळे काय पाहायचे यापेक्षा काय सोडून द्यायचे, हा निर्णयच यापुढे अधिक महत्त्वाचा ठरेल. तो चुकला, तर तीच घटना दुसऱ्यांदा पाहायला मिळत नाही.