पेंढ्याची गोल गाठ

भात कापून झालं की रायगडच्या शेतकऱ्याला घाई लागते ती वालाची. जमिनीतली ओल उडायच्या आत दाणा पडला पाहिजे. विळ्याने कापणी व्हायची तेव्हा शेत रिकामं करणं हे वेगळं काम नव्हतं. भारे डोक्यावरून खळ्यावर जायचे, झोडणी व्हायची आणि पेंढा उडवीत रचला जायचा. आता पेण आणि रोह्याच्या खलाटीत कम्बाइन हार्वेस्टर उतरतो. धान्य टाकीत जातं आणि पेंढा शेतातच पसरून पडतो. तो गोळा करायला माणूस मिळत नाही, आणि घरची गुरंही पूर्वीइतकी राहिलेली नाहीत. मग कोणी काडी लावतो. वर्षभराची वैरण एका संध्याकाळी धूर होऊन जाताना बघवत नाही. म्हणूनच अलीकडे गावोगाव एक प्रश्न ऐकू येतो: जुना बेलर मिळतोय, घ्यावा का?

बेलर म्हणजे पेंढ्याच्या गाठी बांधणारं यंत्र. आपल्याकडे चालतो तो लहान, गोल गाठीचा. ट्रॅक्टरच्या मागे जोडायचा आणि पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर, मिनिटाला 540 फेऱ्यांच्या गतीने फिरवायचा. पुढचे स्प्रिंगचे दाते पेंढा उचलून आत ढकलतात. आतल्या गोल पिंपात रोलर किंवा साखळीच्या पट्ट्या फिरत असतात. त्यांच्यात पेंढा स्वतःभोवती गुंडाळला जातो आणि दाब पुरेसा झाला की इशारा मिळतो. मग ट्रॅक्टर थांबवायचा, गाठीला सुतळीचे वेढे पडू द्यायचे, मागचं दार उघडायचं, की गाठ शेतात. गाठ साधारण 2 फूट व्यासाची, 3 फूट लांब आणि 15 ते 30 किलो वजनाची भरते. एका माणसाला ती उचलता येते, हा तिचा मोठा गुण.

अमेरिकेत अलिस-चाल्मर्स कंपनीने 1947 साली बाजारात आणलेला रोटो-बेलर असाच लहान गोल गाठी बांधायचा आणि प्रत्येक गाठीला थांबायचा. 1971 मध्ये आयोवातल्या गॅरी व्हर्मीरने माणसाला हलवताही येणार नाही अशी अजस्र गाठ बांधणारं यंत्र काढलं. शंभर एकरांच्या सपाट कुरणाला ते शोभतं. दहा गुंठ्यांची खाचरं आणि मध्ये कोपरभर रुंद बांध, अशा शेतात लहान गाठच बरी.

आता जुन्या यंत्राकडे वळू. भाताच्या पेंढ्यात सिलिका भरपूर असते आणि ती लोखंडाला कानशीसारखी घासते. त्यामुळे भातावर चार हंगाम चाललेला बेलर गवतावर तितकेच हंगाम चाललेल्यापेक्षा जास्त झिजलेला असतो. मालक किती वर्षं वापरला ते सांगेल. तुम्ही किती गाठी बांधल्या ते विचारा. रंगाकडे बघू नका, नवा रंग पाचशे रुपयांत येतो. दाते किती मोडलेत, साखळी किती ताणली आहे, गिअरबॉक्सचं तेल काळं आहे की दुधाळ, ते बघा. दुधाळ तेल म्हणजे आत पाणी शिरलेलं. यंत्र अर्धा तास चालवून बंद करा आणि एकेका बेअरिंगच्या घराजवळ हात न्या. जे चटका देतं ते जाण्याच्या बेतात आहे. सुतळी टाकणारा हात सलग वीस गाठींना न चुकता चालला पाहिजे. जुने बेलर बहुतेक वेळा तिथेच रुसतात आणि सुटलेली गाठ परत बांधण्यात दिवस जातो. यंत्र खारेपाटातून, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतून, आलेलं असेल तर खालून पत्रा ठोकून बघा. खारा वारा आतून खातो.

पीटीओ शाफ्टवरचं प्लास्टिकचं आवरण जुन्या यंत्रावर बहुधा गायब असतं. ते बसवल्याशिवाय बेलर घरी आणू नका. पेंढा अडकला की ट्रॅक्टर चालू ठेवून हाताने ओढायचा मोह होतो. फिरता शाफ्ट लुंगी, ओढणी, बाही काहीही पकडतो आणि माणसाला सुटायला वेळ देत नाही. आधी इंजिन बंद करा, मगच हात घाला.

यंत्र चांगलं निघालं तरी मुख्य प्रश्न उरतोच: वर्षात किती दिवस चालेल? इथे पेण आणि रोहा हे शेजारी तालुके वेगळे होतात. पेणच्या खारेपाटात भात एकच, पावसाळी. परतीचा पाऊस लांबला आणि दव जड पडलं की सकाळी अकराच्या आधी पेंढ्याला हात लावता येत नाही. ओला पेंढा गाठीत कोंडला तर आतून तापतो, बुरशी धरतो, आणि मग गुरंही तोंड लावत नाहीत. सगळा हंगाम जेमतेम महिनाभराचा.

रोह्याकडे गोष्ट निराळी आहे. मुळशी धरणाचं पाणी 1927 पासून भिऱ्याच्या वीजघरातून कुंडलिकेत उतरतं, डोलवहाळच्या बंधाऱ्यावर अडतं आणि कालव्यांनी शेतात जातं. हे धरण होऊ नये म्हणून सेनापती बापटांसोबत मावळे लढले, त्यांची भातशेतं त्याच पाण्याखाली गेली. घाटाखाली या पाण्यावर उन्हाळी भात उभं राहतं, हे रोहेकराने विसरू नये. दुसरं पीक म्हणजे बेलरला दुसरा हंगाम, आणि तोही कडक उन्हातला, कोरड्या पेंढ्याचा. फक्त वळिवाच्या आत उरकायला हवं.

गाठीला गिऱ्हाईक आहे. तबेले आणि गोशाळा घेतात, अळिंबीवाले घेतात, आंब्याच्या पेटीलाही पेंढा लागतोच. शिवाय मोकळा पेंढा ट्रकभर दिसतो पण वजनाला भरत नाही, गाठींचं भाडं परवडतं. पण सुतळी, डिझेल, ड्रायव्हर आणि दरसालची दुरुस्ती गाठीमागे मांडून, ती रक्कम तुमच्या गावात मिळणाऱ्या गाठीच्या दरातून वजा करा. दोन-तीन एकरांच्या मालकाचा हिशेब तिथेच संपतो. सरकारी अनुदान मिळतं ते नव्या यंत्राला, हेही त्याच कागदावर लिहा.

माझं मत स्पष्ट आहे. खारेपाटातल्या शेतकऱ्याने बेलर विकत घेऊ नये, भाड्याने बोलवावा. रोह्याच्या कालव्याखाली चार-पाच जणांनी मिळून, ओळखीचा मेकॅनिक सोबत नेऊन, सुटे भाग जवळपास मिळतात याची खात्री करून जुना बेलर जरूर घ्यावा. मात्र सौदा शेतात पेंढा पडलेला असतानाच करा. आपल्याच खाचरात, आपल्याच ट्रॅक्टरवर वीस गाठी बांधून बघा. पावसाळ्यात गोठ्याच्या पडवीत उभं असलेलं यंत्र पाहून पैसे देऊ नका.