राजकीय भाकिते आणि ‘नरो वा कुंजरो वा’

निवडणूक जवळ आली की चौकाचौकांत पैजा लागतात. एक जण छातीठोकपणे म्हणतो, ‘अमुक पक्षच येणार, लिहून ठेवा!’ दुसरा म्हणतो, ‘बहुधा येईल; पण खात्री देता येत नाही.’ लोक पहिल्याभोवती जमतात आणि दुसऱ्याची ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणून थट्टा करतात. ही थट्टा योग्य आहे काय, एवढ्याच प्रश्नाचा आपण येथे विचार करू.

१९६७ सालचे उदाहरण घ्या. काळ बिकट होता. नेहरू आणि शास्त्री हे दोन पंतप्रधान वीस महिन्यांच्या आत गेले होते. पावसानेही लागोपाठ दोन वर्षे दगा दिला होता. अशा वेळी लंडनच्या ‘टाइम्स’चे दिल्लीतील वार्ताहर नेव्हिल मॅक्सवेल यांनी लिहिले की, भारताची ही चौथी सार्वत्रिक निवडणूक नक्कीच शेवटची ठरणार. निवडणूक झाली. काँग्रेसच्या लोकसभेतील जागा ३६१ वरून २८३ वर आल्या, कित्येक राज्यांत तिची सत्ता गेली. पण लोकशाही टिकली आणि १९७१ साली पाचवी निवडणूकही पार पडली. भाकीत साफ फसले.

परंतु गोष्ट येथे संपत नाही. १९७५ साली आणीबाणी आली, लोकसभेची मुदत वाढविली गेली आणि पुढची निवडणूक १९७७ पर्यंत लांबली. म्हणजे मॅक्सवेल यांना दिसलेला धोका केवळ काल्पनिक नव्हता. ‘लोकशाही मोडण्याचा संभव दहांत तीन आहे’ असे त्यांनी म्हटले असते, तर तो इशारा आपण गाठीशी बांधून ठेवला असता. ‘नक्कीच’ या एका शब्दाने भाकिताबरोबर इशाराही हास्यास्पद झाला.

यावर कोणी विचारील, ‘मग काहीच सांगता येत नाही, असे म्हणून मोकळे व्हावे काय?’ मुळीच नाही. तो पळपुटेपणाच होय. वेधशाळेकडे पाहा. पाऊस सरासरीच्या किती टक्के पडेल हे ती सांगते आणि त्यात चार-पाच टक्क्यांची चूक संभवते, हेही सांगते. अनिश्चितता कबूल करायची ती अशी, मापून. मोघम ‘कदाचित’ कधीच चुकत नाही, म्हणूनच ते निरुपयोगी असते. दहांत सात म्हणणाऱ्याची भाकिते मात्र टिपून ठेवता येतात आणि त्यांपैकी किती खरी ठरली हे पुढे पडताळता येते.

अमेरिकेत फिलिप टेटलॉक यांनी नेमके हेच केले. २८४ तज्ज्ञांची भाकिते त्यांनी सुमारे वीस वर्षे नोंदवून तपासली आणि २००५ साली निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. एकाच मोठ्या सिद्धान्ताला चिकटून ठामपणे बोलणारे अधिक चुकले. अनेक बाजू पाहून, शंका ठेवून बोलणारे त्यांच्यापेक्षा बरे ठरले. आपल्याकडे २०२४ साली बहुतेक मतदानोत्तर चाचण्यांनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीला साडेतीनशेहून अधिक जागा दिल्या होत्या, मिळाल्या २९३.

तेव्हा वादात कोणी ‘मला खात्री नाही’ म्हटले, तर हसू नये. ‘किती खात्री आहे, आणि काय घडले तर आपण मत बदलाल?’ असे विचारावे. उत्तर देईल तो प्रामाणिक समजावा. आणि हाच प्रश्न ‘लिहून ठेवा’ म्हणणाऱ्यालाही विचारावा; त्याचे म्हणणे खरोखरच लिहून ठेवावे, म्हणजे झाले.