ब्लॉग कोठे ठेवावा?

समजा तुम्ही शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवला आहे आणि रोजच्या पावसाची नोंद ठेवता. ती इतरांनाही पाहता यावी म्हणून ब्लॉग सुरू करायचे ठरवलेत. त्यासाठी मंच कोणता निवडावा? रंग आणि सजावट सगळेच देतात. खरा प्रश्न असा, की दहा वर्षांनी या नोंदी तुमच्या हाती राहतील का?

ही शंका उगीच नाही. १९९४ साली अमेरिकेत सुरू झालेल्या जिओसिटीज या सेवेवर लाखो लोकांनी मोफत पाने उभारली होती. याहू कंपनीने ती सेवा १९९९ मध्ये विकत घेतली आणि २००९ मध्ये, जपानचा अपवाद सोडता, बंद केली. इंटरनेट आर्काइव्हसारख्या संस्थांनी बरीच पाने जतन केली. पण सगळी वाचली नाहीत.

म्हणून ब्लॉगचे तीन भाग वेगवेगळे तपासावेत: पत्ता, यंत्रणा आणि मजकूर.

प्रथम पत्ता. इंटरनेटवर संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. नावावरून आकडा शोधून देणारी डीएनएस ही व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. नाव तुमचे स्वतःचे असेल, तर मंच बदलल्यावर फक्त त्यामागचा आकडा बदलायचा. वाचक जुन्याच पत्त्यावर येतात. नाव मंचाचे असेल, तर ते मागेच राहते. स्वतःच्या नावासाठी ठराविक मुदतीने शुल्क भरावे लागते, हेही ध्यानात ठेवा.

आता यंत्रणा. १९९९ साली निघालेली ब्लॉगर ही सेवा २००३ पासून गूगलकडे आहे. येथे लिहिणे सोपे, शिवाय मोफत. स्वतःचे नावही जोडता येते. मात्र यंत्रणा सर्वस्वी गूगलच्या हाती असते. २००३ सालचे वर्डप्रेस हे मुक्त सॉफ्टवेअर भाड्याच्या सर्व्हरवर बसवता येते. वाचकाने पान मागितले, की ते साठवणीतला मजकूर काढून पान जुळवते. म्हणून ते वेळोवेळी अद्ययावत करावे लागते. तसे न केल्यास घुसखोरांना वाट मिळते. तिसरा मार्ग जेकिल किंवा ह्यूगो यांचा. यांत पाने आधीच तयार करून ठेवतात आणि सर्व्हर ती नुसती वाढतो. बिघडण्याजोगे त्यात फार थोडे असते. शिकायला मात्र जरा कष्ट पडतात.

शेवटी मजकूर. तो युनिकोडमध्येच लिहा. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षरचिन्हाला ठरलेला क्रमांक असतो, त्यामुळे मंच बदलला तरी मराठी मराठीच राहते. जुन्या पद्धतीच्या फाँटात लिहिलेला मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो.

मग निवड कशी करावी? आजच लिहू लागायचे असेल, तर ब्लॉगर पुरे. संगणकाची आवड असेल, तर जेकिल शिकून पाहा.

करून पाहा: निवडलेल्या मंचावर दोन नोंदी आणि एक छायाचित्र टाका. मग मंचावरची निर्यातीची सोय वापरून सारा मजकूर उतरवून घ्या आणि ती फाइल साध्या मजकूर-संपादकात उघडा. मराठी शब्द वाचता येतात का? छायाचित्र कोठे आहे? ब्लॉगर आणि वर्डप्रेस यांच्या निर्यात-फाइलीत छायाचित्र नसते, त्याचा केवळ दुवा असतो. मंच बंद पडला, की तो दुवाही निरुपयोगी. तेव्हा मूळ छायाचित्रे वेगळी जपून ठेवा, आणि ही चाचणी शंभर नोंदी लिहिण्यापूर्वी करा.