बाबांचा अंगठा आणि मटणाची बदनामी

रात्री दोन वाजता बाबांच्या पायाचा अंगठा असा सुजला, की चादर लागली तरी ओरडायचे. डॉक्टर म्हणाले, गाउट. घरचे म्हणाले, "खा अजून मटण!" तेव्हापासून बाबा जेवायला अपराध्यासारखे बसतात. मला ते खटकलं, म्हणून आजचा भाग.

रक्तात युरिक अ‍ॅसिड वाढलं की सांध्यात त्याचे सुईसारखे स्फटिक साचू शकतात. बहुतेक प्राण्यांकडे ते फोडणारं युरिकेज नावाचं एन्झाइम असतं. आपल्या पूर्वजांचं ते कोट्यवधी वर्षांपूर्वीच बंद पडलं. म्हणजे उरलं काय? बाहेर टाकणं. मूत्रपिंडातून, थोडं आतड्यातून. त्यासाठी लागणारा एक पंप एबीसीजी२ हे जीन बनवतं. काहींच्या पंपात १४१ व्या जागचं एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं आणि त्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते. ताट तेच, पंप वेगळा.

२०१८ मध्ये बीएमजेत एक अभ्यास आला, युरोपीय वंशाच्या सुमारे १६,७०० अमेरिकनांचा (आपले लोक त्यात नव्हते, हे लक्षात ठेवा). माणसामाणसातल्या युरिक अ‍ॅसिडच्या फरकात जनुकांचा वाटा सुमारे २४ टक्के. आहाराच्या पद्धतीचा जेमतेम ०.३.

बिअर किंवा जड जेवणाने अटॅक येऊ शकतो, ते खरंच. पण "तोंड आवरलं की बरं होईल" म्हणत बाबांनी रोजची गोळी तीन महिने टाळली. त्यात अंगठा आणखी दोनदा सुजला.