मुंबईची उगवती बाजू

मुंबईत काय पाहावे असे कोणी विचारले, तर तुम्ही भराभर नावे सांगाल. गेटवे ऑफ इंडिया, गिरगाव चौपाटी, हाजी अली, राणीचा बाग. ही ठिकाणे पाहण्यासारखी आहेतच. सहलीच्या बसगाड्याही तेथेच थांबतात. पण सहल म्हटली की वर्गणी आली. आमच्या वर्गात दरवर्षी चार-पाच मुले यादीत नाव देत नाहीत. विचारले तर म्हणतात, "सर, त्या दिवशी घरी काम आहे." ते काम कोणते, हे मला ठाऊक असते. अशा मुलांना कमी खर्चात कोठे नेता येईल, याचा शोध घेताना मला मुंबईची पूर्वेकडची, म्हणजे बंदराकडची बाजू सापडली.

या बाजूला जायला हार्बर लाइनची लोकल पुरते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून निघालात की मशीद, सँडहर्स्ट रोड, डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन आणि शिवडी अशी स्थानके ओळीने लागतात. २०२५ साली लोकलचे दुसऱ्या वर्गाचे तिकीट ५ रुपयांपासून होते आणि बेस्ट बसचे १० रुपयांपासून. सँडहर्स्ट आणि रे ही मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरांची नावे. २०२४ साली राज्याच्या विधिमंडळाने काही स्थानकांची नावे बदलण्याचा ठराव केला. त्यात सँडहर्स्ट रोडला डोंगरी, डॉकयार्ड रोडला माझगाव आणि कॉटन ग्रीनला काळाचौकी ही नावे सुचवली आहेत. तेव्हा पाटीवर निराळे नाव दिसले तर गोंधळून जाऊ नका.

पाठीवर एक सॅक घ्या. तीत पाण्याची बाटली, घरच्या पोळ्या, टोपी, वही आणि मिळाल्यास दुर्बीण ठेवा. चपला नकोत, बूट हवेत. रस्त्यात ट्रक, चिखल आणि मासळीचे पाणी असते.

पहाटेच डॉकयार्ड रोडला उतरून चालत भाऊच्या धक्क्यावर जा. एकोणिसाव्या शतकात लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य नावाच्या गृहस्थांनी लोकांच्या सोयीसाठी धक्का बांधला. लोक त्यांना भाऊ म्हणत. आजचा धक्का नवा असला तरी नाव त्यांचेच राहिले आहे. पहाटे येथे मासळीचा लिलाव चालतो. बर्फाच्या लाद्या फुटत असतात, टोपल्या डोक्यावरून धावत असतात आणि कोळणींच्या आवाजापुढे कोणाचे काही चालत नाही. मध्ये उभे राहू नका, शिव्या खाल. एका बाजूला राहून ऐका. तुमच्या ओळखीचे कितीतरी शब्द कानी पडतील. बंदर हा शब्द फारसी. खलाशी अरबी. नावेच्या मालकाला कोळी नाखवा म्हणतात, तो तुमचा नाखुदाच! नाव वळवण्याचे सुकाणू हेही अरबीतून आले आहे. मराठी कठीण वाटते असे म्हणणाऱ्यांनी एक सकाळ तरी येथे घालवावी.

येथूनच उरणजवळच्या मोरा बंदराला लाँच जाते. वेळ आणि थोडे पैसे असतील तर त्या लाँचमध्ये बसा.

धक्क्यावरून परत येताना डॉकयार्ड रोड स्थानकाजवळची टेकडी चढा. तिच्यावर पाण्याचा मोठा साठा आणि त्यावर जोसेफ बाप्टिस्टा यांच्या नावाची बाग आहे. काका बाप्टिस्टा (१८६४-१९३०) हे लोकमान्य टिळकांचे सहकारी. १९२५ साली ते मुंबईचे महापौर झाले. टेकडीवरून बंदर, जहाजे आणि क्रेन दिसतात. दक्षिणेला जुन्या गोद्या होत्या. १४ एप्रिल १९४४ रोजी त्यांतील व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टायकिन' या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या होत्या, दारूगोळा होता आणि सोन्याच्या विटाही होत्या. कापूस आणि दारूगोळा एका जहाजात! दोन प्रचंड स्फोट झाले. शेकडो माणसे मेली, हजारो बेघर झाली. आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. म्हणूनच १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

आता शिवडी. येथे १६८० च्या सुमारास इंग्रजांनी बांधलेला लहानसा किल्ला आहे, त्याला लागून एक दर्गाही आहे. पण आम्ही येथे आलो ते रोहित पक्षी पाहण्यासाठी. या उंच पायांच्या गुलाबी पक्ष्यांना इंग्रजीत फ्लेमिंगो म्हणतात. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत ते खाडीच्या चिखलात शेवाळ आणि बारीक किडे टिपतात. त्यांचा गुलाबी रंगही या खाद्यातूनच येतो.

पहिल्या खेपेला माझी फजिती झाली. अकरा मुलांना घेऊन भर दुपारी बारा वाजता मी शिवडीच्या जेट्टीवर पोहोचलो. समोर पाणीच पाणी. एकही पक्षी नाही. मुले काही बोलली नाहीत. त्याचेच मला जास्त वाईट वाटले. जाळे विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या कोळ्याने विचारले, "मास्तर, आज तिथी कोणती?"

मी म्हणालो, "तिथी ठाऊक नाही, पण आमच्या महिन्याची चौदा तारीख आहे."

"मग पौर्णिमा धरा, पंधरा. पंधराची पाऊणपट करा."

एका मुलाने बोटांवर हिशेब केला. सव्वा अकरा.

"सव्वा अकराच्या पुढेमागे भरती. आता पाणी उतरू द्या. तीन वाजता या."

हा हिशेब कोकणात जुना आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. तासभर इकडेतिकडे होते. पौर्णिमेनंतर तिथी पुन्हा एकपासून मोजायची. दिवसातून दोनदा भरती येते आणि रोज ती सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, कारण चंद्रही रोज तेवढाच उशिरा उगवतो. हिजरी महिना चंद्रावरच चालतो. तो अमावास्येनंतर चंद्रकोर दिसल्यावर सुरू होतो, म्हणून आपल्या तारखेत एक मिळवला की बहुधा तिथी येते. समुद्राचे वेळापत्रक आमच्या घरातल्या कॅलेंडरवरच छापलेले होते आणि मी, त्यांचा शिक्षक, ते न पाहता निघालो होतो.

आम्ही स्थानकाकडे परतलो, चहा घेतला, सॅकमधल्या पोळ्या संपवल्या आणि तीन वाजता पुन्हा गेलो. पाणी उतरले होते. चिखल उघडा पडला होता आणि त्यावर गुलाबी ठिपक्यांची लांबच लांब रांग सरकत होती. जवळूनच न्हावा-शेव्याकडे जाणारा सागरी पूल गेला आहे. त्याचे उद्घाटन १२ जानेवारी २०२४ रोजी झाले. पक्षी कधी पुष्कळ दिसतात, कधी मोजकेच. त्या दिवशी मुलांनी मोजायला सुरुवात केली आणि तीनशेच्या पुढे त्यांचे आपसांत भांडण लागले. सहा वाजले तरी कोणी उठेना. शेवटी "शेवटची लोकल गेली" असे खोटेच सांगून मी त्यांना उठवले.