हेल्मेटमधला निरोप्या

मोटारसायकलवर डबलसीट बसून गावाला निघालं, की एक संवाद अगदी ठरलेला असतो. मागून तुम्ही ओरडता, "बाबा, तहान लागलीय!" पुढून उत्तर येतं, "काय?" तुम्ही पुन्हा ओरडता. मग बाबा मान वळवतात आणि नेमका तेव्हाच समोर खड्डा येतो! आता जरा हिशेब करा. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे सरकते. दोन सेकंद मान वळली, तर ३३ मीटर रस्ता न बघताच मागे पडला. त्या 'काय?'ची किंमत केवढी, ते कळलं ना?

यावर उपाय म्हणून हेल्मेटला लावायचे बोलके संच मिळतात. त्यांना इंटरकॉम म्हणतात. एक छोटी डबी हेल्मेटला बाहेरून चिकटते, आत कानांजवळ दोन चपटे स्पीकर आणि तोंडाजवळ माइक. पण दुकानात गेलं, की काही हजारांपासून तीस-चाळीस हजारांपर्यंतचे संच समोर येतात आणि आई-बाबांची पंचाईत होते. म्हणून ही भानगड नीट समजून घेऊ या.

आधी एक कोडं. बाबा तुमच्यापासून हातभर अंतरावर असतात, तरी ऐकू का येत नाही? इंजिनाचा दोष? थोडासा. खरा गोंगाट करतो तो वारा! वेग वाढला, की हेल्मेटच्या खालच्या कडेशी हवेचे भोवरे होतात आणि त्यांची घरघर थेट कानात शिरते. साधं बोलणं असतं ६० डेसिबलच्या आसपास. ताशी १०० किलोमीटरला हेल्मेटच्या आतला आवाज शंभर डेसिबलच्या घरात जातो. डेसिबलचा गुणाकार मोठा विलक्षण बरं का! दर १० डेसिबलला आवाजाची तीव्रता दसपट होते. म्हणजे साठाहून शंभर हे दुपटीपेक्षा कमी वाटलं, तरी तीव्रता वाढते दहा हजार पट. अशा वादळात तुमचं "तहान लागलीय" कुठच्या कुठे उडून जातं.

विमानं उघडी होती, तेव्हा वैमानिकांनाही हाच त्रास होता. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या गॉसपोर्ट येथे रॉबर्ट स्मिथ-बॅरी हे शिक्षक नवशिक्यांना विमान चालवायला शिकवत. त्यांनी १९१७ मध्ये एक साधी रबरी नळी वापरात आणली. शिक्षकाने एका टोकाला बोलायचं, शिष्याला ते दुसऱ्या टोकाला कानात ऐकू यायचं. डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारखीच युक्ती! पुढे मोटारसायकलींसाठीही अशा नळ्या निघाल्या, मग तारेचे संच आले. तारेचा तोटा उघड आहे. उतरताना ती सोडवायची राहिली, तर मागचा अडकलाच म्हणून समजा.

मग आलं ब्लूटूथ. या नावाचा अर्थ 'निळा दात'! दहाव्या शतकात डेन्मार्कमध्ये हॅराल्ड ब्लूटूथ नावाचा राजा होऊन गेला. त्याने डेन्मार्क आणि नॉर्वेची माणसं जोडली, तशी ही लाट यंत्रांना जोडते, म्हणून त्याचं नाव दिलं. ब्लूटूथच्या लहरी २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालतात. त्याच पट्ट्यात घरचं वायफायही असतं आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हसुद्धा. मग गोंधळ कसा होत नाही? तर ब्लूटूथ एका जागी थांबतच नाही. ७९ वाटांवरून ते सेकंदाला १६०० वेळा उड्या मारत जातं. ऐकणाऱ्या संचाला उड्यांचा क्रम ठाऊक असतो, म्हणून निरोप चुकत नाही. अशा उड्यांची एक कल्पना १९४२ मध्ये हेडी लमार ही चित्रपटातली अभिनेत्री आणि जॉर्ज अँथाइल हा संगीतकार यांनी पेटंट करून घेतली होती. त्यांच्या उड्या ८८ होत्या. पियानोच्या पट्ट्याही ८८ असतात!

आता खरेदीकडे वळू. पहिला प्रश्न घरातच विचारायचा : बोलायचं कोणाशी? फक्त मागे बसणाऱ्याशी, की दुसऱ्या गाडीवरच्या काकांशीही? खोक्यावर मोठ्या अक्षरात 'एक किलोमीटर', 'दीड किलोमीटर' असं छापलेलं असतं. ते मोकळ्या मैदानातलं अंतर. आंबा घाटात एक वळण मध्ये आलं, की डोंगर त्या लहरी अडवतो आणि काका गप्प! आणि मागे बसलेली ताई तर अर्ध्या मीटरवर असते. तिच्यासाठी दीड किलोमीटरचे पैसे का मोजायचे? माझं मत विचाराल, तर दोघांपुरतं बोलायचं असेल त्यांनी अंतराकडे बघूच नये. तेच पैसे चांगल्या माइकसाठी आणि स्पीकरसाठी खर्च करावेत.

गाड्या चार-पाच असतील, तर मात्र गोष्ट वेगळी. जुन्या पद्धतीत संच एकापुढे एक साखळीने जोडतात. तुम्ही कानगोष्टींचा खेळ खेळता ना, तसंच. मधला एक जण चहाला मागे थांबला, की साखळी तुटली. नव्या पद्धतीला मेश म्हणतात, म्हणजे जाळं. कार्डो या कंपनीने २०१५ मध्ये पॅकटॉक नावाचा असा संच आणला. त्यात पंधरा जण जोडता येत. एक जण गळाला, तरी जाळं दुसऱ्या वाटेने निरोप पोचवतं. पण एका कंपनीचं जाळं दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यात सहसा मिसळत नाही. तेव्हा काकांकडे कुठला संच आहे, हे आधी विचारा!

माइकचं म्हणाल, तर हनुवटी झाकणाऱ्या बंद हेल्मेटला तारेचा बारका, बटणासारखा माइक लागतो. उघड्या हेल्मेटला दांडीवरचा, अगदी ओठांजवळ येणारा. त्याच्यावरची स्पंजाची टोपी फार महत्त्वाची. ती हरवली, की पलीकडे बोलण्याऐवजी नुसती घोंघोंच ऐकू जाते.

आवाज कमी येतो, अशी तक्रार असेल तर एक सोपी परीक्षा आहे. गाडी उभी असताना हेल्मेट घालून दोन्ही तळहातांनी ते कानांवर दाबा. आवाज एकदम मोठा झाला? मग दोष यंत्राचा नाही, स्पीकर कानापासून दूर बसलाय. मागे पातळ गादी लावून तो पुढे आणा. पण जागा हवी म्हणून हेल्मेटच्या आतला थर्माकोलसारखा थर कधीही कोरू नका! पडल्यावर धक्का शोषून डोकं वाचवतो तो हाच थर. भोक पाडायचंही नाही. डबी चिमट्याने किंवा चिकटपट्टीनेच बसवायची.

आपल्याकडे पाऊस आहे, म्हणून 'आयपी ६७' हा आकडा बघायला शिका. पहिला ६ सांगतो, की धूळ आत जात नाही. ७ सांगतो, की एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिलं तरी चालतं. मात्र चार्जिंगच्या भोकाचं रबरी झाकण उघडं राहिलं, तर या आकड्यांना काही अर्थ नाही.

आता कानांचं. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाज दिवसाला आठ तास चालतो. दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. कागद-पेन्सिल घ्या आणि शंभर डेसिबलला किती वेळ उरतो, ते काढा. उत्तर येतं फक्त पंधरा मिनिटं! वारा आधीच तिथे पोचलेला असतो, त्यावर गाणी मोठ्याने लावली तर कानांचं काय होईल? म्हणून वेग कमी ठेवणं, हेल्मेट घट्ट बसणारं घेणं आणि आवाज कामापुरताच ठेवणं, हे पालकांनीच ठरवायला हवं. फोनवरच्या गप्पाही गाडी थांबवूनच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हातात धरून फोन वापरणं हे कायद्याने धोकादायक चालवण्यात मोडतं. आणि फोन हातात नसला, तरी मन मात्र गप्पांतच असतं ना?

मुलांसाठी संच घेण्याआधी मुलांचं हेल्मेट घ्या, तेही आयएसआय खुणेचं. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला कायद्याने ते लागतंच. मोठ्यांचं ढिलं हेल्मेट घालून त्यात स्पीकर बसवले, तर डोकंही सुरक्षित नाही आणि आवाजही येत नाही.

लांबच्या प्रवासात मागचं मूल पेंगतं, तेव्हा मात्र या संचाचं मोल खरं कळतं. दर पाच-दहा मिनिटांनी बाबांनी एखादं कोडं घालायचं. उत्तर आलं नाही, की गाडी बाजूला! बॅटरी संपली तर? त्यासाठी घरून निघतानाच खुणा ठरवून ठेवा. खांद्यावर एक थाप म्हणजे 'हळू', दोन म्हणजे 'थांबा', आणि तीन म्हणजे... ते तुमचं तुम्ही ठरवा. आमच्या ओळखीच्या एका घरात तीन थापांचा अर्थ 'भजी' असा आहे!