घरच्या शेडमधले पॉलिश आणि डोळ्यातला कण

भंडारदऱ्याला पावसाळ्याचे चार महिने उघड्यावरचे काम जवळजवळ बंद असते. विल्सन धरणाच्या परिसरात पाऊस असा कोसळतो की लोखंडाला बघता बघता गंज चढतो. मग मोटारसायकलचे भाग, इंजिनाची झाकणे, विळे-कोयते घासून लखलखीत करण्याचे काम पडवीत नाहीतर घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चालते. झड आत येऊ नये म्हणून दार-खिडकी लावलेली. आरोग्याच्या दृष्टीने नेमके हेच वाईट.

पॉलिश करणे म्हणजे धातूचा वरचा थर झिजवणे. हा झिजलेला थर जातो कुठे? थोडा जमिनीवर पडतो, थोडा डोळ्यात उडतो, थोडा श्वासावाटे छातीत जातो. माझ्याकडे असे कारागीर येतात ते बहुधा कापलेले बोट घेऊन. बोट बरे होते. मला काळजी वाटते ती डोळ्याची.

ग्राइंडरवरून उडालेला लोखंडाचा कण तापलेला असतो आणि तो बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात रुतून बसतो. रात्री डोळा खुपतो, पाणी येते, उजेड सहन होत नाही. घरातले कोणी रुमालाचे टोक फिरवते, कोणी जिभेने कण काढू पाहते, कोणी मधाचा थेंब घालते. यातले काहीही करू नये. डोळा न चोळता स्वच्छ पाण्याने धुवावा आणि तरी खुपत राहिले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा. दुखणे कमी झाले म्हणजे कण गेला असे नव्हे. लोखंड तिथेच गंजते, भोवती गंजाचे कडे धरते; जंतू शिरले तर व्रण होऊन फूल पडते. सायलेन्सर घासताना गेलेला कण एका तरुणाने पाच दिवस अंगावर काढला. नेत्रतज्ज्ञांनी कण काढला, पण फूल राहिलेच. आता रात्री समोरून गाडी आली की त्या डोळ्याला उजेड फाकलेला दिसतो, आणि पोट तर घाटात गाडी चालवण्यावर!

छिन्नीवर हातोडा मारताना ठिकरी उडून डोळ्याला लागली आणि फारसे दुखले नाही, तर अधिकच सावध व्हावे. वेगाने आलेली ठिकरी डोळा भेदून आत जाते. असे कधी झाले असेल तर एमआरआय करण्यापूर्वी ते जरूर सांगावे. त्या चुंबकाने आतले लोखंड हलते.

नेहमीचा चष्मा पुरत नाही. बाजूंनीही बंद असलेला संरक्षक गॉगल घ्यावा, तो काही महाग नसतो.

आता धुळीविषयी. इंग्लंडमधील शेफील्ड येथे एकोणिसाव्या शतकात कोरड्या वालुकाश्मावर धार लावणारे कारागीर छातीच्या विकाराने ऐन उमेदीत दगावत. आजचे ग्राइंडरचे दगड बहुतेक कृत्रिम असतात, तरी सुकी वाळू लावून घासण्याची सवय सोडावी. वाळूच्या बारीक धुळीने फुप्फुसे कायमची कडक होतात आणि क्षयाला वाट मिळते. तोंडावर बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. कोरोनात सर्वांनी पाहिलेला एन-९५ मास्क नाकावर घट्ट बसवावा. त्याहून सोपा उपाय म्हणजे वॉटर पेपर पाण्यात भिजवून हाताने घासणे. धूळ उडतच नाही. नंतर वस्तू कोरडी करून तेलाचा हात फिरवावा. शेड झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

यंत्र वापरायचेच तर त्याचा वेग ओळखा. मिनिटाला २८०० फेरे घेणाऱ्या सहा इंची दगडाची कड ताशी सुमारे ८० किलोमीटरने धावते. हातग्राइंडर तर याच्या कितीतरी पट फेरे घेतो, म्हणून दगडावर लिहिलेली मर्यादा पाहूनच तो बसवावा. बसवण्यापूर्वी माठ घेताना मारतो तशी टिचकी मारावी. आवाज बद आला तर दगड फेकून द्यावा. कापडी बफवर वस्तू मध्यापेक्षा खाली धरावी, नाहीतर ती हातातून हिसकली जाते. उपरणे, मफलर, ओढणी, सैल हातमोजे यंत्राजवळ नकोत. ओल्या जमिनीवर अर्थिंग नसलेले यंत्र लावू नये. ॲल्युमिनियमची धूळ साचू देऊ नका. लोखंडाच्या ठिणगीने ती पेट घेते.

पितळेत बहुधा थोडे शिसे असते. म्हणून पॉलिशनंतर साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नये, की तंबाखू मळू नये. (तंबाखू सोडलीत तर उत्तमच, पण तो विषय पुन्हा केव्हातरी.)